बफरमध्ये निळा, दुधात लालच: ॲप्टामर बिघडलाय की दूध?

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थ्यानं लिहिलंय: "13 नॅनोमीटरचे सोन्याचे कण आणि कॅनामायसिनचा 21 अक्षरी डीएनए ॲप्टामर वापरून दुधातलं प्रतिजैविक ओळखायचा प्रकल्प आहे. बफरमध्ये कॅनामायसिन टाकलं की लालचा झकास निळा होतो. दुधात मात्र कधी काहीही केलं तरी लालच राहतो, आणि कधी कॅनामायसिन न घातलेलं दूधसुद्धा निळं होतं. ॲसेटिक ॲसिडनं दूध फाडून, गाळून, वरचं पाणी दहापट पातळ करून वापरतो. ॲप्टामर बदलू का? सर म्हणतात इलेक्ट्रोडवर जा. हातात चार महिने आहेत."

ॲप्टामर बदलू नका. निदान आत्ता तरी नको. नवा सीक्वेन्स मागवाल, पैसे जातील, पंधरा दिवस जातील आणि दूध पुन्हा तेच करेल. मी बारा-तेरा वर्षं या लाल पाण्यात हात घालून बसलोय, आधी संशोधनात आणि आता दूध-पाणी तपासायच्या एका छोट्या लॅबमध्ये. तुमचं वर्णन वाचून माझ्या डोळ्यांपुढं माझीच जुनी वही आली.

तुमचा खरा प्रश्न मला असा दिसतो: निळा रंग नेमकं काय सांगतोय? तुम्ही धरून चाललाय की निळा म्हणजे ॲप्टामरनं कॅनामायसिन पकडलं. नळीतला रंग एवढंच सांगतो की सोन्याचे कण एकमेकांजवळ आले. ते कुणामुळं आले, हे तो सांगत नाही.

बाकीच्या वाचकांसाठी दोन शब्द. बफर म्हणजे पीएच स्थिर ठेवणारं स्वच्छ द्रावण. ॲप्टामर म्हणजे एखाद्या ठरावीक रेणूला मिठी मारेल असा घडी पडलेला डीएनए किंवा आरएनएचा एकेरी धागा. तो कुणी बसून आखत नाही, निवडून काढतात. साधारण एक कोटी गुणिले एक कोटी इतके वेगवेगळे धागे घ्यायचे, हवा तो रेणू समोर ठेवायचा, जे चिकटले तेवढे ठेवून त्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच करायचं. ही निवड 1990 साली अमेरिकेत दोन गटांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवली. एकीकडं टर्क आणि गोल्ड, दुसरीकडं एलिंग्टन आणि शॉस्टॅक. (यातल्या एका शास्त्रज्ञाचं आडनावच गोल्ड आहे, हा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो.)

सोन्याचं म्हणाल तर गुजरीत, म्हणजे सराफांच्या पेठेत, ते पिवळं असतं. तेच 13 नॅनोमीटरचे कण करून पाण्यात सोडलं की डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. फॅरडेनं 1857 मध्येच यावर लिहून ठेवलंय. आपण सायट्रेट टाकून, उकळून जे कण करतो त्यांच्यावर सायट्रेटचा ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ढकलतात. मीठ घातलं की हा भार झाकला जातो, कण जवळ येतात आणि रंग निळा-जांभळा होतो. आता आधी एकेरी डीएनए घातला तर तो सोन्यावर जाऊन बसतो आणि कणांना मिठापासून वाचवतो. ली आणि रॉथबर्ग यांनी 2004 मध्ये हे नीट मांडलं. तुमच्या पद्धतीची कल्पना याच्यावरच उभी आहे: कॅनामायसिन आलं तर ॲप्टामर त्याच्याकडं जाईल, सोनं उघडं पडेल, मीठ टाकल्यावर निळं होईल.

कल्पना सुंदर आहे. पण ती नळीत फक्त चौघंच आहेत असं धरते: सोनं, धागा, कॅनामायसिन आणि मीठ. दुधात गावजत्रा असते.

तुम्ही दूध ॲसेटिक ॲसिडनं फाडता, तिथूनच सुरुवात करू. गाईच्या दुधात लिटरमागं साधारण 1.2 ग्रॅम, म्हणजे 30 मिलिमोलर कॅल्शियम असतं. म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. यातला मोठा भाग, ढोबळ मानानं दोन तृतीयांश, केसीनच्या गोळ्यांना चिकटून बसलेला असतो, पाण्यात मोकळा नसतो. तुम्ही पीएच 4.6 वर आणलात की केसीन खाली बसतं, पण त्याला धरून असलेलं कॅल्शियम सुटून पाण्यात येतं. घरी लिंबू पिळून पनीर करतात तेव्हा हेच होतं, आणि म्हणूनच त्या हिरवट पाण्यात कॅल्शियम भरपूर असतं. दहापट पातळ केल्यावरही तुमच्या नळीत 3 मिलिमोलरच्या आसपास कॅल्शियम येतं. सोडियमच्या मानानं हे कमी वाटेल, पण दोन धन भारांचा आयन सायट्रेटवाल्या सोन्याला फार लवकर गोळा करतो. त्यात पीएच खालीच राहिला असेल तर सायट्रेटचा ऋण भारही घटतो. रिकामं दूध निळं झालं तर त्यात नवल नाही. पीएच सोड्यानं वर आणलात तर दुसरी डोकेदुखी: सोडियम ॲसिटेट तयार होतं, म्हणजे पुन्हा मीठच, शिवाय कॅल्शियम फॉस्फेट पांढरं धुरकट होऊन बसतं.

आता उलटी बाजू, रंग लालच राहण्याची. 4.6 ला केसीन बसतं, पण बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनसारखी निवळीतली प्रथिनं बसत नाहीत. ती तुमच्या गाळलेल्या पाण्यात आरामात पोहत असतात. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवर एक मोकळा गंधकाचा गट आहे आणि गंधक म्हटलं की सोनं विरघळतं, म्हणजे मनानं. ही प्रथिनं कणांभोवती गोधडीसारखी बसतात. मग मीठ घाला, ॲप्टामर काढा, कॅनामायसिन ओता, सोनं ढिम्म लाल.

आणि इथं एक बारीक गोष्ट आहे, जी तुमच्या 'कधी लाल, कधी निळा'चं उत्तर असू शकेल. दूध तापवलेलं असेल तर ही निवळीतली प्रथिनं उष्णतेनं उलगडतात, केसीनला चिकटतात आणि फाडल्यावर त्याच्याबरोबरच खाली जातात. मग गोधडी उरत नाही आणि कॅल्शियमचं राज्य चालतं: निळा. कच्चं दूध असेल तर गोधडी शाबूत: लाल. पिशवीतलं पाश्चराइझ्ड दूध यांच्या मध्ये कुठंतरी. तुमची वही उघडा आणि कुठल्या दिवशी कुठलं दूध होतं ते बघा. हॉस्टेलच्या मेसमधून आणलेलं तापवलेलं आणि दूध-कट्ट्यावरून आणलेलं कच्चं एकाच तक्त्यात लिहिलं असेल, तर कोडं निम्मं तिथंच सुटेल. हा माझा अंदाज आहे, तुमची नळी मी पाहिलेली नाही.

अंदाज तपासायला दोन नळ्या पुरतात. पहिलीत फक्त सोनं आणि तुमचं दुधाचं पाणी. डीएनए नाही, मीठ नाही. दहा मिनिटांत निळं झालं तर दोष कॅल्शियम किंवा पीएचचा. लाल राहिलं तर दुसऱ्या नळीत तेच घ्या आणि 200 मिलिमोलर होईल इतकं मीठ घाला. उघडं सोनं इतक्या मिठात तग धरत नाही. माझ्या हाती ते 30-40 लाच मान टाकतं. तरीही लाल असेल तर प्रथिनांची गोधडी आहे. या दोन नळ्यांना अर्धा तास लागतो, आणि दोन्हीत ॲप्टामर कुठंच नाही हे लक्षात घ्या.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या बफरमधल्या झकास निळ्यावरही माझा पुरता विश्वास नाही.

पूर्वी एका ठिकाणी मी कॅनामायसिनच्याच भावकीतल्या एका प्रतिजैविकासाठी अगदी असाच सेन्सर करत होतो. सात महिने. आलेख इतके सरळ यायचे की फूटपट्टी लावावी. तीच अक्षरं, तितकीच संख्या, पण क्रम विस्कटलेला असा नियंत्रणाचा धागा मागवायचा होता. पैसे वाचवायला तो आम्ही 'नंतर बघू'वर टाकला. शेवटी लेख तपासणाऱ्यानं विचारलं म्हणून मागवला. विस्कटलेल्या धाग्यानं तोच निळा दिला. तोच आलेख, जवळपास तोच उतार. मग मी धागाच वगळला, मीठही वगळलं, नुसत्या सोन्यात औषध टाकलं. निळा. त्या दिवशी माझा डबा न उघडता घरी परत गेला.

कारण साधं होतं. ॲमिनोग्लायकोसाइड गटातल्या या औषधांवर ॲमिनो गट असतात, आणि साध्या पीएचला त्यातल्या बहुतेकांवर धन भार असतो. सायट्रेटचं सोनं ऋण. म्हणजे कॅनामायसिन स्वतःच सोन्याच्या कणांना पूल बांधून जवळ आणू शकतं. डीएनएही ऋण, त्यामुळं कुठलाही धागा, विस्कटलेला असो की सरळ, त्याला थोडाफार चिकटतोच. ॲप्टामरची मिठी आणि नुसतं विजेचं आकर्षण यांतला फरक त्या निळ्यात दिसत नाही. सात महिने मी सेन्सर नाही, महागडा भारमापक बनवत होतो.

हे फक्त माझ्या हातून झालं असतं तर गप्प बसलो असतो. पाण्यातल्या आर्सेनिकसाठी एक डीएनए ॲप्टामर 2009 पासून वापरात होता आणि त्यावर कितीतरी सेन्सर उभे राहिले. 2019 मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या ज्युवेन लिऊ यांच्या गटानं दाखवलं की तो आर्सेनिकला मुळात धरतच नाही. आर्सेनिक थेट सोन्यावर बसतं आणि डीएनए सुटतो. पुढच्याच वर्षी बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटानं ॲम्पिसिलिनच्या ॲप्टामरची अनेक पद्धतींनी झडती घेतली आणि त्यांनाही मिठीचा पुरावा मिळाला नाही. तुमचा 21 अक्षरी कॅनामायसिन ॲप्टामर 2011 साली दक्षिण कोरियातल्या गटानं दिलेला असावा, जी-जी-जी-जी-जी वाला. तो खोटा आहे असं मी मुळीच म्हणत नाही. तुमच्या नळीत तो काम करतोय याचा पुरावा तुमच्याकडं हवा, एवढंच म्हणतोय.

तेव्हा आजच विस्कटलेला धागा मागवा. तो येईपर्यंत बफरमध्ये नुसतं सोनं आणि कॅनामायसिन हे करून बघा. आणि जमलं तर साखरेच्या जवळच्या पण भार नसलेल्या एखाद्या रेणूबरोबर एक, आणि त्याच गटातल्या जेंटामायसिनबरोबर एक. जेंटामायसिनही तितकंच निळं देत असेल तर प्रबंधात 'कॅनामायसिन सेन्सर' न लिहिता 'ॲमिनोग्लायकोसाइड गट' लिहा. यात कमीपणा काही नाही. दूध संस्थेला गट कळला तरी पुरतं.

आता हिशेब. तुम्ही सोन्याची तीव्रता लिहिलेली नाही, म्हणून समजा क्युव्हेटमध्ये, म्हणजे मोजायच्या काचेच्या नळीत, 520 नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण 1 आहे. 13 नॅनोमीटरच्या कणांसाठी याचा अर्थ साधारण 3.7 नॅनोमोलर कण. त्यांना मिठापासून वाचवायला कणामागं 40 धागे घातलेत असं धरू, म्हणजे डीएनए झाला जवळपास 150 नॅनोमोलर. युरोपात दुधातल्या कॅनामायसिनची मर्यादा किलोला 150 मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे सुमारे 310 नॅनोमोलर. (भारतातला आकडा एफएसएसएआयच्या, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, ताज्या तक्त्यातून घ्या, कुणाच्या जुन्या प्रबंधातून नको.) तुम्ही दहापट पातळ करता, तेव्हा नळीत उरतं 31. मूळ कामात या ॲप्टामरची पकड, म्हणजे मोकळं कॅनामायसिन किती असलं की निम्मे धागे भरतात तो आकडा, 79 नॅनोमोलरच्या आसपास दिली आहे. या आकड्यांत समतोल मांडला तर 31 पैकी 19-20 नॅनोमोलर कॅनामायसिन धाग्यांना धरून बसतं. 150 धाग्यांपैकी 20. म्हणजे कणामागच्या 40 धाग्यांतले पाच उठले, पस्तीस बसूनच आहेत.

पाच पाहुणे उठले म्हणून पंगत मोडत नाही.

आणि हा हिशेबही उदार आहे, कारण सोन्यावर बसलेला धागा सहज उठत नाही. मर्यादेच्या आसपास तुम्हाला रंग दिसत नसेल तर त्यात ॲप्टामरचा दोष नाही, पंगत मोठी झाली आहे. कणामागचे धागे कमी करा. कुठवर, हे मिठाच्या पायऱ्या लावून शोधावं लागेल: डीएनएशिवाय ज्या मिठाला सोनं मोडतं आणि डीएनएसह जिथं जेमतेम टिकतं, त्या दोन्हींच्या मधली जागा. ही जागा सोन्याच्या प्रत्येक नव्या घाणीला थोडी सरकते. घाण हा आमचा लॅबमधला शब्द, गुऱ्हाळावरून उचललेला. प्रत्येक वेळी काचसामान अम्लराजानं धुतलंय ना, एवढी खात्री करा, नाहीतर ती जागा सरकत नाही, पळते.

पातळ करणं कमी करता आलं तर आणखी बरं, पण त्यासाठी दूध नीट साफ हवं. मी ॲसिड सोडून दिलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी रीत अशी. दूध थंडीत, 4 अंशांना सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायचं. वर साय घट्ट बसते. सुई साईतून आरपार घालून खालचं दूध ओढायचं, साय ढवळायची नाही. मग ते 10 किलोडाल्टनच्या गाळणीच्या नळीतून पुन्हा फिरवायचं. केसीनचे गोळे, त्यांच्यासोबतचं कॅल्शियम आणि निवळीतली प्रथिनं वर राहतात. कॅनामायसिनचं वजन 485 डाल्टन, ते खाली येतं. या गाळण्यांच्या पडद्यावर ग्लिसरीन असतं, म्हणून आधी दोनदा पाण्यानं फिरवून धुवायच्या. मी पहिल्या वेळी हे विसरलो होतो आणि खाली आलेलं पाणी चिकट का म्हणून बघत बसलो होतो. खाली जे येतं ते काचेसारखं स्वच्छ, किंचित पिवळसर असतं. त्यात लॅक्टोज, सोडियम, पोटॅशियम आणि थोडं मोकळं कॅल्शियम असतंच, पण ॲसिडच्या मानानं कितीतरी कमी.

उरलेलं कॅल्शियम काढायला कुणी ईडीटीए हे धातूचे आयन पकडणारं रसायन सुचवेल. जपून. तो मॅग्नेशियमही नेतो आणि काही ॲप्टामरना घडी घालायला मॅग्नेशियम लागतं. कुणी धन आयन पकडणारं रेझिन सुचवेल. त्याच्या तर नादालाच लागू नका. कॅनामायसिन स्वतः धन आहे, ते आधी रेझिनवर जाऊन बसेल आणि तुम्हाला वाटेल दूध शुद्ध आहे. म्हणून दोन ठिकाणी स्पाइक करा: एकदा कच्च्या दुधात कॅनामायसिन घालून सगळी सफाई, आणि एकदा सफाई झाल्यावर घालून. दोन्हींच्या उत्तरांतला फरक म्हणजे वाटेत तुम्ही किती हरवलं ते. आलेखही बफरात काढू नका. स्वच्छ दुधाच्या गाळलेल्या पाण्यातच काढा.

आतापर्यंतचं पटलं असेल तर आता सगळ्यात त्रासाची गोष्ट. ही मला कुठल्या पेपरात नाही, एका दूध संस्थेच्या दारात कळली.

करवीर तालुक्यातल्या एका गावात पहाटे साडेपाचला आम्ही सँपल घ्यायला उभे होतो. किटल्यांची रांग, फॅटचं यंत्र, सगळं नेहमीचं. एका म्हातारबांचं दूध आमच्या नळीत लगेच निळं झालं. मी सचिवांना म्हणालो, यात औषध आहे. म्हातारबा भडकले. "आरं, सुई तर आज द्याची हाय. डाक्टर अजून यायचा हाय." मग स्वतःच एक थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाले, "खारट हाय. दगडी झालीया."

दगडी म्हणजे कासदाह. तो झालेल्या जनावराच्या दुधात सोडियम आणि क्लोराइड वाढतं, पीएचही थोडा वर जातो. म्हणून तर दुधाची विद्युतवाहकता मोजून कासदाह ओळखतात. आता जोडून बघा. प्रतिजैविक कुठल्या जनावराला देतात? ज्याला दगडी झाली त्याला. त्याचं दूध खारट असतं. तुमचं सोनं मिठानं निळं होतं. म्हणजे तुमचा सेन्सर खऱ्या गावात गेला तर औषध न शोधता आजार शोधेल, आणि वर आकडेवारीत तो औषधाशी छान जुळलेलाही दिसेल, कारण दोन्ही एकाच गोठ्यात असतात. दुकानातल्या पिशवीचं दूध स्पाइक करून कितीही सरळ आलेख काढा, ही चूक त्यात दिसणार नाही.

म्हणून तुमच्या नियंत्रणात एक नमुना असा हवाच: कासदाह झालेल्या, पण अजून औषध न दिलेल्या जनावराचं दूध. पशुवैद्यकीय दवाखान्यात ओळख काढा, सुई द्यायच्या आधी दोन चमचे मागून घ्या. प्रत्येक नमुन्याची वाहकता आणि पीएच मोजून लिहा, आणि मीठ घालताना नळीतलं आधीचं मीठ वजा धरा. चीक घेऊ नका, त्यात प्रथिनं इतकी असतात की गाळणी बुजते. आटत आलेल्या जनावराचं दूधही वेगळं वागतं. निदान दहा वेगवेगळ्या जनावरांचं स्वच्छ दूध घ्या. दहा वेळा एकाच पिशवीचं म्हणजे दहा नमुने नव्हेत.

त्याच फेरीत पशुवैद्यांना एक विचाराच: इथं दगडीला कुठलं औषध जास्त जातं? कॅनामायसिन तुम्ही निवडलं ते पेपर तयार मिळाला म्हणून, बरोबर? आम्हीही तसंच केलं होतं. उत्तर दुसरं आलं तर आत्ता विषय बदलू नका, पण प्रबंधाच्या प्रस्तावनेत 'या भागात कॅनामायसिनचा सर्रास वापर' असं वाक्य ठोकू नका. तोंडी परीक्षेला बाहेरून येणाऱ्यांना गोठ्यातलं कळतं.

इलेक्ट्रोडचं. सर चुकीचं सांगत नाहीत. त्या पद्धतीत ॲप्टामरचं एक टोक गंधकानं सोन्याच्या इलेक्ट्रोडला बांधतात, दुसऱ्या टोकाला मिथिलिन ब्लू हे रंगद्रव्य लावतात; औषध आलं की धागा घडी घालतो, मिथिलिन ब्लू इलेक्ट्रोडजवळ येतो किंवा लांब जातो आणि प्रवाह बदलतो. कुणी येऊन नुसतं चिकटलं म्हणून सिग्नल येत नाही, घडी पडावी लागते. त्यामुळं ती गढूळ पाण्यात जास्त प्रामाणिक असते. 2013 साली कॅलिफोर्नियातल्या गटानं जिवंत उंदरांच्या वाहत्या रक्तात कॅनामायसिन असंच मोजलं. पण तिथं औषधाची मात्रा मायक्रोमोलरमध्ये होती, तुमच्या मर्यादेच्या कितीतरी वर. शिवाय इलेक्ट्रोड ॲल्युमिनाच्या पुडीनं घासायला, त्यावर धागे योग्य दाटीनं बसवायला आणि मोकळ्या जागा मर्कॅप्टोहेक्झेनॉलनं भरायला हात बसेपर्यंतच महिना-दीड महिना जातो. विभागात पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडचा प्रवाह मोजायचं यंत्र) रिकामा आहे आणि शेजारी कुणी पीएच.डी. करणारा हे रोज करतो, असं असेल तर जा. एकट्यानं, यूट्यूब बघून, चार महिन्यांत? मी नसतो गेलो.

कुणीतरी आरएनए ॲप्टामर सुचवला तर सरळ नाही म्हणा. हाताच्या घामात आरएनए तोडणारी विकरं असतात, दुधातही असतात. डीएनएला हा ताप नाही.

चार महिन्यांचं मी असं करीन. पहिले दोन आठवडे त्या दोन नळ्या आणि विस्कटलेला धागा. तो विस्कटलेला जर सरळ धाग्याइतकाच निळा देत असेल तर दचकू नका. तुमच्या प्रबंधाचा विषय तोच. 'सोन्याच्या रंगावर आधारित कॅनामायसिन चाचणीत ॲप्टामरचा वाटा किती' हा प्रश्न 'नवा अतिसंवेदनशील सेन्सर' यापेक्षा कितीतरी जास्त कामाचा आहे, आणि त्याला लागणारा सगळा माल तुमच्या टेबलावर आत्ताच आहे. फरक दिसला, सरळ धागा स्पष्ट जास्त निळा, तर मग गाळणी, धाग्यांची संख्या आणि मिठाची जागा यांत महिना-दीड महिना घाला. राहिलेल्या वेळात जनावरांचे नमुने. त्यातले काही नमुने जुन्या जिवाणू चाचणीवरही चालवून घ्या. त्यात जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस असतो. औषध नसेल तर तो वाढतो आणि जांभळी जेली पिवळी पडते, औषध असेल तर जांभळीच राहते. तीनेक तास लागतात, नॅनो काही नाही त्यात, आणि ती मिठाला तुमच्या सोन्याइतकी घाबरत नाही. तुमच्या निळ्याला साक्षीदार म्हणून ती बरी. कॅनामायसिनला तिची संवेदनशीलता मात्र किटच्या कागदावर तपासा; या चाचण्या पेनिसिलिनच्या गटाला जास्त तिखट असतात.

नळीचा रंग मोजताना ठरावीक वेळेला मोजा, मी दहा मिनिटं धरतो, आणि 650 नॅनोमीटरचं शोषण (निळ्या कणांचं) 520 च्या शोषणानं (लाल कणांच्या) भागून लिहा. मोबाइलचा फोटो छान दिसतो, पण ट्यूबलाइटखाली प्रत्येकच नळी थोडी जांभळी वाटते.

दोन नळ्यांचं काय झालं ते इथंच लिहा, आकड्यांसकट. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरून धारोष्ण दूध नमुन्याला घेणार असाल तर बर्फाचा डबा सोबत न्या, लेबल पेन्सिलीनं लिहा, कारण शाई दुधानं पुसते, आणि म्हैस कितव्या वेताची, तिला मागच्या पंधरवड्यात सुई टोचली होती का, हेही तिथंच विचारून घ्या.